ॲप न उघडता उरकणारी कामे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलच्या अतिवापरावर आपल्या दैनिकातून सातत्याने लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्या लिखाणातला सल्ला बहुधा एकाच वळणाचा असतो: फोन दूर ठेवा, रात्री बंद करा, आठवड्यातून एक दिवस त्याला हातच लावू नका. ज्यांना औषधाची वेळ, परगावच्या मुलाचा फोन, बँकेचा ओटीपी आणि सकाळचा हरिपाठ हे सारे त्याच एका यंत्रातून मिळते, त्यांना हा सल्ला कितीही पटला तरी पाळता येत नाही. फोन जवळ असूनही त्यात कमीत कमी शिरावे लागेल अशी सोय त्या फोनमध्येच कित्येक वर्षांपासून आहे, आणि तिच्याकडे वापरणाऱ्यांचे, विकणाऱ्यांचे आणि ॲप बनवणाऱ्यांचेही दुर्लक्ष झाले आहे, हे मला या पत्रातून मांडायचे आहे. होम स्क्रीनवर, म्हणजे फोन उघडताच दिसणाऱ्या पडद्यावर, ठेवता येणारे ॲपचे लहानसे भाग म्हणजे विजेट्स, आणि गाणे, बातम्या किंवा प्रवचन चालू असताना पडद्यावर येणारी मीडिया कंट्रोलची पट्टी, या दोन गोष्टींविषयी मी बोलत आहे.

मी निवृत्त शिक्षिका असून मिरजेत आमच्या भागातील ज्येष्ठ मंडळींना फोन वापरण्यात मदत करते. त्यांच्या तक्रारी ऐकताना मूळ बहुतेक वेळा एकच निघते. काम दोन क्षणांचे असते, त्यासाठी अख्खे ॲप उघडावे लागते, आणि एकदा आत गेले की बाहेर पडणे लांबत जाते. आज एकादशी आहे का, एवढेच पाहण्यासाठी फोन हाती घेतलेला माणूस वाटेत आलेले व्हॉट्सॲपचे संदेश वाचतो, त्यातल्या एखाद्या लिंकवर बोट पडते, तिथून व्हिडिओ सुरू होतो आणि एकादशीचे पाहायचे राहूनच जाते. याचा सगळा दोष त्या माणसाच्या माथी मारणे मला मान्य नाही. जाहिरातींवर चालणाऱ्या ॲपचे उत्पन्न आपण आत किती वेळ रेंगाळतो यावर ठरत असल्यामुळे आपले काम झटपट उरकून आपल्याला मोकळे करण्यात त्याला रस नसतो, आणि म्हणूनच अशा ॲपची विजेट्स एक तर नसतात किंवा असून नसल्यासारखी असतात.

विजेट म्हणजे ॲपचा होम स्क्रीनवर सतत दिसत राहणारा लहानसा भाग. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका पाहण्यासाठी काही उघडावे लागत नाही, येता-जाता तिथीही दिसते आणि दुधाचा खाडाही. विजेटचे काम तेवढेच आणि तसेच आहे. अँड्रॉइड फोनमध्ये कुणाही ॲपला स्वतःचे विजेट देता येण्याची सोय २००९ साली, ‘कपकेक’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या १.५ आवृत्तीत आली. ॲपलने या बाबतीत बराच काळ हात आखडता घेतला. आयफोनमध्ये २०१४ साली विजेट्स आली, पण ती वेगळ्या पडद्यावर. होम स्क्रीनवर त्यांना जागा मिळाली ती २०२० साली, लॉक स्क्रीनवर २०२२ साली, आणि विजेटमध्येच बोट लावून यादीतले काम ‘झाले’ अशी खूण करण्याची मुभा २०२३ साली. अँड्रॉइडची कथाही सरळ नाही. २०१२ च्या ४.२ आवृत्तीत लॉक स्क्रीनवर विजेट्स ठेवता येऊ लागली आणि दोनच वर्षांनी आलेल्या ५.० आवृत्तीत ती सोय काढूनही टाकली गेली. ज्या कंपन्यांनी ही गोष्ट घडवली, त्यांचाच तिच्यावर पुरेसा विश्वास नव्हता असे यावरून दिसते. मग फोनच्या दुकानात ती कुणी समजावून सांगत नाही याचे नवल ते काय!

ज्यांनी हे कधी केलेले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये होम स्क्रीनवरच्या मोकळ्या जागी बोट दाबून धरले की ‘विजेट्स’ हा पर्याय येतो. हवे ते विजेट दाबून धरून पडद्यावर ओढून सोडायचे, पुन्हा दाबून धरले की कडा दिसतात आणि त्या ओढून त्याचा आकार वाढवता येतो. आयफोनमध्येही सुरुवात मोकळ्या जागी बोट दाबून धरण्यानेच होते. नको असेल तर काढून टाकता येते आणि त्यामुळे मूळ ॲप किंवा त्यातली माहिती पुसली जात नाही. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण वयस्कर मंडळी पडद्यावरच्या कशालाही हात लावायला घाबरतात ती ‘काही तरी डिलीट होईल’ या एकाच धास्तीने.

माझ्या मते ज्येष्ठांसाठी सर्वांत मोलाचे विजेट घड्याळाचे किंवा हवामानाचे नाही, थेट फोन लावण्याचे आहे. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये संपर्कांच्या विजेट्समध्ये ‘डायरेक्ट डायल’ नावाचे एका आयकॉनएवढे विजेट असते. ते होम स्क्रीनवर ठेवताना मुलाचे किंवा मुलीचे नाव निवडले की तिथे त्या व्यक्तीचा फोटो येतो आणि त्यावर बोट लावताच थेट फोन लागतो. आमच्याकडे येणाऱ्या एका काकांचे हात कंपवातामुळे थरथरतात. संपर्कयादी उघडली की ती त्यांच्या बोटाखाली भरभर सरकते, थांबवायला जावे तर भलत्याच नावावर टिचकी बसते आणि मग कुणा जुन्या ओळखीच्या माणसाला अवेळी फोन जातो. त्यांच्या पहिल्या पडद्यावरून दुकानदाराने भरून दिलेले सगळे आयकॉन काढले, मुलीचा, शेजाऱ्यांचा आणि डॉक्टरांचा असे तीन फोटो एकमेकांपासून लांब मांडले, वर मोठ्या आकड्यांचे घड्याळ ठेवले, आणि दुसरे काहीही ठेवले नाही. हात थरथरला तरी बोट पडते ते एक तर फोटोवर, नाही तर मोकळ्या जागेवर. यात एक खोड आहे, की लॉक न लावलेला फोन खिशात असताना चुकून फोन लागू शकतो. पण स्क्रीन लॉक चालू ठेवले की ती अडचण उरत नाही.

हवामानाच्या विजेटचे मात्र तितके निर्धास्तपणे कौतुक करता येत नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगण्यासारखे आहे. आमच्या शेजारचा तासगाव तालुका द्राक्षांचा. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी झाली की पुढचे कित्येक आठवडे बागायतदाराचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात, कारण कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यावर अवकाळी पाऊस पडला की डाउनी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात आणि वर्षाची कमाई जाते. फवारणी आत्ता करावी की संध्याकाळपर्यंत थांबावे, हा त्यांचा रोजचा प्रश्न. औषध मारून झाल्यावर लगेच सर आली तर औषधाचे पैसे आणि फवारणी यंत्राचे डिझेल दोन्ही मातीत. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या फोनवर पहाटे हवामानाच्या विजेटमध्ये स्वच्छ सूर्य दिसत होता, म्हणून त्यांनी फवारणी उरकली आणि दुपारी पाऊस झाला. अंदाज चुकला असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात अंदाज आदल्या रात्रीच बदललेला होता. विजेटवर दिसत होता तो त्याच्याही आधीच्या संध्याकाळचा. फोनच्या बॅटरी बचतीने त्या ॲपला न उघडता पडद्याआड चालण्यापासून रोखले होते आणि विजेट जुनाच सूर्य दाखवत बसले होते.

विजेट सतत समोर असते म्हणून ते सतत ताजे असते, असा आपला समज होतो. तसे नसते. अँड्रॉइडमध्ये ठरावीक अंतराने आपोआप ताजे होण्याची जी मूळ व्यवस्था आहे, तिच्यात हे अंतर ३० मिनिटांपेक्षा कमी ठेवता येत नाही. ॲपल ॲप बनवणाऱ्यांना सांगते, की वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटलाही दिवसातून साधारण ४० ते ७० वेळाच ताजे होण्याची मुभा मिळते. बॅटरी वाचवायची असेल तर ही बंधने योग्यच आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यावर अनेक फोन आपली स्वतःची बॅटरी बचत लादतात आणि जे ॲप बरेच दिवस उघडलेले नाही त्याला झोपवून टाकतात. यातला तिढा असा, की चांगले विजेट असेल तर माणूस ते ॲप उघडतच नाही, आणि उघडत नाही म्हणून फोन त्या ॲपला निकामी समजतो. यावर उपाय साधा आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन त्या एका ॲपपुरती बॅटरीची मर्यादा उठवावी, आणि ज्यावर पैशाचे किंवा जिवाचे काही अवलंबून आहे अशा विजेटवरची माहिती किती वाजताची आहे हे आधी पाहावे. अडचण एवढीच, की पुष्कळ विजेट्सवर ती वेळ लिहिलेलीच नसते. सरकारी असो वा खासगी, हवामानाच्या प्रत्येक विजेटवर ‘इतक्या वाजताची माहिती’ ही ओळ ठळक अक्षरांत असलीच पाहिजे. बसच्या फलकावर शेवटचे गाव लिहितात तितकी ती साधी अपेक्षा आहे.

आणि जे तातडीचे आहे ते विजेटवर सोपवूच नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप जवळपास वीज कोसळण्याचा धोका असल्यास सूचना देते; अशी सूचना आवाज करतच आली पाहिजे, कारण शिवारात काम करणारा माणूस त्या वेळी फोनकडे पाहत नसतो. विजेट हे आपण पाहू तेव्हा दिसण्यासाठी असते आणि सूचना ही आपण पाहत नसताना हाक मारण्यासाठी. दुर्दैवाने आज सूट, सेल आणि लकी ड्रॉ हाक मारत येतात आणि खरे कामाचे आकडे ॲपच्या पोटात दडलेले असतात.

‘विजेटने बॅटरी खाल्ली’ ही तक्रारही वारंवार ऐकू येते. घड्याळ, दिनदर्शिका, टिपणे, कामांची यादी यांचा भार नगण्य असतो. जे विजेट तुमचे ठिकाण सतत शोधते आणि इंटरनेटवरून चित्रे ओढते, त्याचा थोडाफार पडतो. एवढ्यावर हा विषय संपतो.

आता मीडिया कंट्रोलविषयी. फोनवर आपण काहीही ऐकू लागलो, की वरून खाली ओढल्यावर दिसणाऱ्या भागात आणि लॉक स्क्रीनवर एक पट्टी येते: काय चालू आहे त्याचे नाव, थांबवण्याचे बटण, मागे-पुढे जाण्याची बटणे आणि किती झाले, किती उरले हे दाखवणारी रेघ. आयफोनमध्ये ही बटणे २०१३ साली आलेल्या कंट्रोल सेंटरमुळे एका झटक्यात हाताशी आली. अँड्रॉइडने २०१४ च्या ५.० आवृत्तीत या पट्टीला एक ठरलेले रूप दिले आणि २०२० च्या ११ व्या आवृत्तीत तिला इतर सूचनांच्या गर्दीतून उचलून वर, वाय-फाय आणि ब्लूटूथच्या बटणांजवळ, स्वतंत्र जागा दिली. त्याच आवृत्तीपासून आवाज फोनमधून यावा, इयरफोनमधून की ब्लूटूथ स्पीकरमधून, हेही त्या पट्टीवरच निवडता येते, आणि ॲपने तशी तयारी ठेवली असेल तर फोन बंद करून पुन्हा चालू केल्यावरही अर्धवट राहिलेले तिथूनच पुढे ऐकता येते.

ही पट्टी ॲप आखत नाही, फोन आखतो. ॲप फक्त फोनला कळवते, की मी अमुक वाजवत आहे, त्याची लांबी इतकी आहे, आणि थांबणे, पुढे जाणे, मागे येणे या आज्ञा मला समजतात. त्या आज्ञा कुठून आल्या याच्याशी ॲपला देणेघेणे नसते. म्हणूनच लॉक स्क्रीनवरचे बटण, मनगटी घड्याळ, गाडीच्या स्टिअरिंगवरची कळ आणि स्वस्तातल्या वायरीच्या इयरफोनवरचे एकुलते एक बटण, सगळी तेच काम करतात. त्या एकुलत्या बटणावर एकदा दाबले की थांबते किंवा सुरू होते आणि बहुतेक फोनवर पटकन दोनदा दाबले की पुढचे गाणे लागते, हे किती जणांना ठाऊक असते? वर्षानुवर्षे इयरफोन वापरणारी माणसे गाणे बदलण्यासाठी खिशातून फोन काढतात, लॉक उघडतात, आणि मग पुन्हा तोच प्रकार: संदेश, लिंक, व्हिडिओ.

एका आजींचे उदाहरण सांगते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे वाचन कमी झाले आणि नातवाने पॉडकास्टच्या ॲपमध्ये त्यांना कीर्तने लावून दिली. तास-तासाचे कीर्तन, मध्येच कुणाचा फोन आला की ते थांबायचे. खरे तर फोन आल्यावर आवाज थांबवणे आणि बोलणे संपल्यावर तो पुन्हा सुरू करणे हे चांगल्या ॲपचे कामच आहे, पण सगळी ॲप्स ते इमानाने करत नाहीत. मग आजी लॉक उघडायच्या, ॲप शोधायच्या, त्यात कीर्तन शोधायच्या आणि ते पुन्हा नमनापासून सुरू व्हायचे. पूर्वरंग तोंडपाठ झाला, उत्तररंगापर्यंत कधी पोचलेच नाही, असे त्या हसत सांगत. फोनच्या कडेची कळ एकदा दाबली की काळ्या पडद्यावर कीर्तनाचे नाव आणि त्रिकोणाचे चिन्ह दिसते, लॉक न उघडता त्या त्रिकोणावर बोट लावायचे आणि जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते, एवढे त्यांना दाखवले. त्यानंतर कुणाकडूनही मदत घेण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. पासवर्ड नाही, ॲप नाही, चष्मा शोधणे नाही.

ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी तर याचे मोल फार वरचे आहे. अँड्रॉइडमधले टॉकबॅक आणि आयफोनमधले व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणारी व्यवस्था, चालू असेल तर पडद्यावर कुठेही दोन बोटांनी दोनदा टिचकी मारली की चालू असलेला आवाज थांबतो आणि तसेच केले की पुन्हा सुरू होतो. बटण कुठे आहे हे चाचपडत बसावे लागत नाही. अंध विद्यार्थी ध्वनिमुद्रित पाठ ऐकत नोंदी काढतात तेव्हा दर मिनिटाला थांबवावे लागते. त्यांना विचारा या एका टिचकीची किंमत.

यातही सगळे आलबेल नाही. यूट्यूबवर पैसे भरून वर्गणी घेतली नसेल तर पडदा बंद होताच आपल्याकडे चित्रफितीचा आवाजही बंद होतो. भजने आणि प्रवचने ऐकण्यासाठी आपली बहुसंख्य माणसे तेच वापरतात, त्यामुळे सदऱ्याच्या खिशात पडदा पेटता ठेवून फिरणारी मंडळी गल्लोगल्ली दिसतात. बॅटरी उतरते, फोन तापतो आणि कापडाच्या घर्षणाने भलतेच काही तरी सुरू होते. कंपनीने आपला धंदा कसा करावा हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण केवळ ऐकायचेच असेल तर रेडिओची आणि पॉडकास्टची ॲप्स वापरावीत, ती पडदा बंद असतानाही चालतात आणि डेटाही बराच कमी खातात, एवढे नक्की सांगेन. प्रसार भारतीच्या ‘न्यूजऑनएअर’ ॲपवर आकाशवाणीची अनेक केंद्रे थेट ऐकता येतात, हे अजूनही पुष्कळांना माहीत नाही.

दुसरी तक्रार बटणांच्या निवडीची. गाण्याला ‘पुढचे’ आणि ‘मागचे’ ही बटणे शोभतात. प्रवचन, बातम्या, व्याख्यान, पाठ यांना ती उपयोगाची नाहीत, कारण तिथे ऐकणाऱ्याला एखादे वाक्य पुन्हा ऐकायचे असते आणि ‘मागचे’ दाबले की गाडी थेट आधीच्या भागावर किंवा पार सुरुवातीला जाते. अशा ठिकाणी १० सेकंद मागे आणि काही सेकंद पुढे नेणारी बटणे हवीत. फोन ती दाखवायला तयार असतो. ॲपने मागितली पाहिजेत. मराठीत बोलके साहित्य देणाऱ्यांनी निदान एवढे करावे.

वाहन चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण सोय म्हटली की तिचा सोयीस्कर अर्थ लावला जातो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातल्या फोनचा उपयोग केवळ रस्ता पाहण्यासाठी करता येतो, तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. दुचाकीच्या हँडलवर बसवलेल्या फोनवर गाणे बदलणे त्यात बसत नाही, मग पट्टी कितीही हाताशी असो. चारचाकीत स्टिअरिंगवरची कळ आहे, ती वापरावी. दुचाकीवर, विशेषतः सांगली-मिरज रस्त्यावरची वाहतूक पाहता, दोन्ही कानांत इयरफोनचे बोळे घालून कुणी काही ऐकूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीत फोन वापरणाऱ्यांना विजेट्सचा आणखी एक त्रास सोसावा लागतो. फोनची भाषा मराठी केली, की अँड्रॉइडवरच्या पुष्कळ ठिकाणी आकडेही देवनागरीत दिसू लागतात आणि घड्याळात १०:४५ असे पाहून मन प्रसन्न होते. पण विजेटची चौकट ठरलेल्या उंचीची असते आणि ती आखताना रोमन अक्षरांची उंची गृहीत धरलेली असते. आपल्या लिपीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरे. चौकट अपुरी पडली की ‘गुरुवार’ मधले उकार खालून कापले जातात आणि ‘सप्टेंबर’ चा अनुस्वार वरून नाहीसा होतो. महिन्याचे नाव मावले नाही की ‘फेब्रु…’ एवढेच उरते. अक्षराचा आकार वाढवावा, कारण वाचणारा सत्तरीचा आहे, तर उरलेलेही दिसेनासे होते. परिणामी मराठी हवी असणारी माणसेही कंटाळून फोन इंग्रजीत ठेवतात. हे दुरुस्त करायला कुठलेही नवे तंत्रज्ञान लागत नाही. विजेट बाजारात आणण्यापूर्वी मराठीत, मोठ्या अक्षरांत, एकदा डोळ्यांनी पाहावे लागते.

खासगीपणाचा प्रश्नही आहे, पण त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. जे घरातल्या पाहुण्याला दिसलेले चालेल तेच होम स्क्रीनवर ठेवावे. बँकेतील शिल्लक, ईमेलचा मजकूर, संदेशांची यादी यांची विजेट्स ठेवू नयेत. लॉक स्क्रीनवर तुम्ही काय ऐकत आहात तेही दिसते. कुणाला ते नको असेल तर सूचनांच्या सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवता येतो. आणि फोन विकत घेताना पडद्यावर आधीपासून बसवलेली बातम्यांची, खेळांची आणि ‘तुमच्यासाठी खास’ अशा मजकुराची जी विजेट्स असतात, ती पहिल्याच दिवशी काढून टाकावीत. मी ज्या सोयीबद्दल लिहिते आहे, त्याच्या नेमक्या उलट दिशेने ती काम करतात: आपल्याला आत ओढण्यासाठी ती तिथे ठेवलेली असतात.

माझ्या मागण्या थोड्याच आहेत. हवामान, बाजारसमितीचे दर, एसटी आणि रेल्वेच्या वेळा अशी लोकोपयोगी माहिती देणाऱ्या संस्थांनी नुसते ॲप आणून थांबू नये; त्या ॲपचे एक साधे, मराठी, माहितीची वेळ दाखवणारे विजेट द्यावे. फोनच्या दुकानदारांनी ज्येष्ठ ग्राहकाला फोन देताना जुने नंबर नव्या फोनमध्ये घेऊन देतात त्याच बैठकीत जवळच्या दोन-तीन माणसांचे ‘डायरेक्ट डायल’ लावून द्यावे. पाच मिनिटांचे काम आहे. ग्रंथालये आणि ज्येष्ठ नागरिक संघ मोबाइल प्रशिक्षणाचे वर्ग घेतात, तिथे पहिल्या दिवशी व्हॉट्सॲप शिकवतात. ते पुढे शिकवावे. पहिल्या दिवशी होम स्क्रीन आवरायला शिकवावे.

राहिली आपल्या दैनिकाची गोष्ट. अनेक वृत्तपत्रे आता बातम्या वाचून दाखवण्याची सोय देतात, आणि आपणही ती देणार असाल किंवा देत असाल तर दृष्टी अधू झालेल्या आमच्यासारख्या जुन्या वाचकांचे आपल्याशी असलेले नाते टिकेल. फक्त ते वाचन पडदा बंद केल्यावरही चालू राहू द्यावे, लॉक स्क्रीनवर बातमीचा मथळा दिसू द्यावा, आणि १० सेकंद मागे नेणारे बटण आठवणीने द्यावे. निवडणुकीच्या निकालांत गावांची आणि उमेदवारांची नावे यांत्रिक आवाजात इतक्या वेगाने जातात, की कोण कुठून निवडून आले ते दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय कळत नाही.

कळावे,
आपली एक वाचक,
मिरज